सर्व्हरखोली : दार सताड उघडं, म्हणून प्रवेश बंद

पावसाळ्यात सर्दीची साथ यावी तशी या महिन्यात माझ्या टपालात परमिशनची साथ आली आहे. लॉगिन होत नाही, मेल जात नाही, सर्व्हर आत घेत नाही आणि शेवटी ओळ ठरलेली : ‘ताई, सगळं ७७७ करून पाहिलं, तरी नाही.’ (नवख्यांसाठी : तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकीचे यांचे हक्क; वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १, त्यांची बेरीज. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं.) त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं नेहमीप्रमाणे आपण तोंडानं बोलतो तशी छापली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

प्रश्न : ताई, आमच्या छापखान्यात उबुंटूचा सर्व्हर आहे. मी घरून एसएसएचनं आत जातो. पासवर्ड बंद ठेवलाय, फक्त किल्लीवर चालतं. दोन वर्षं काही त्रास नव्हता. गेल्या सोमवारपासून ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ एवढंच येतं. नवी किल्ली बनवून पाहिली. डॉट-एसएसएच डिरेक्टरी ७०० आहे, ऑथोराइज्ड-कीज फाइल ६०० आहे. दुकानात सर्व्हरसमोर बसलं की लॉगिन होतं. बदल एकच केला होता : डिझाइनवाल्या दोघांना माझ्या होममध्ये फाइली टाकता याव्यात म्हणून होम डिरेक्टरीला त्यांचा ग्रुप लावला आणि ७७५ केलं. पण ते तर मी परमिशन वाढवलं ना? कमी कुठे केलं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वाढवलंत, तेच नडलं.

एसएसएचडी (सर्व्हरवर एसएसएचचं दार सांभाळणारा प्रोग्राम) किल्ली तपासायच्या आधी एक वेगळीच चौकशी करतो. किल्ल्यांची यादी ज्या फाइलीत आहे ती फाइल, तिची डिरेक्टरी आणि तिथून वर तुमच्या होमपर्यंतची प्रत्येक पायरी तो बघतो : मालक तुम्ही किंवा रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) आहे का, आणि दुसऱ्या कुणाला इथे लिहिता येतं का. येत असेल तर किल्ली खरी असली तरी तो तिच्याकडे पाहत नाही. या चौकशीचं नाव ‘स्ट्रिक्टमोड्स’ आणि ती मुळातच चालू असते.

कारण सरळ आहे. होममध्ये लिहिता येणारा माणूस तुमच्या डॉट-एसएसएचच्या आत शिरू शकत नाही, हे खरं. पण डिरेक्टरीवर लिहिण्याचा हक्क म्हणजे तिच्यातल्या नावांवरचा हक्क. तो तुमच्या डॉट-एसएसएचचं नाव बदलून बाजूला ठेवील आणि त्याच नावाची स्वतःची डिरेक्टरी तिथे आणून बसवील, आत स्वतःची किल्ली घालून. माजघराला कुलूप लावलं, पण अख्खं माजघर उचलून दुसरं ठेवता येतं, मग कुलपाचा काय उपयोग? (सर्व्हर मालकीही तपासतो ती यासाठीच. पण वरची पायरीच उघडी असेल तर तो पुढच्या भानगडीत पडत नाही, थेट नकार देतो.)

आता तुमचा खरा वैताग : घरच्या लॅपटॉपवर यातलं काहीच दिसलं नाही. दिसणार नाहीच. दारात कोण उभा आहे ते सर्व्हरला ठाऊक नाही, मग त्याला आपल्या घरातली मोडतोड कशाला सांगेल? कारण आतल्या वहीत लिहिलेलं असतं. दुकानात सर्व्हरसमोर बसा, ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’ उघडून ठेवा (रेडहॅटच्या घराण्यात हीच फाइल ‘सिक्युअर’ नावानं असते) आणि कुणाला तरी घरून लॉगिन करायला सांगा. ओळ येईल : ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड : बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी’, आणि पुढे डिरेक्टरीचं नाव. तुमच्या बाबतीत ते नाव होमचं असणार, डॉट-एसएसएचचं नाही. तुम्ही दोन दिवस खालच्या दोन पायऱ्या झाडत बसलात, घाण वरच्या पायरीवर होती.

सगळ्या पायऱ्या एका नजरेत बघायला ‘नेमआय -एल’ ही आज्ञा आहे. तिला ऑथोराइज्ड-कीजचा पूर्ण पत्ता द्या. सगळ्यात वरच्या ‘/’ डिरेक्टरीपासून फाइलीपर्यंत एकेक पायरी, तिचा मालक, ग्रुप आणि परमिशन ओळीनं छापते. इतकी उपयोगी आणि इतकी दुर्लक्षित आज्ञा दुसरी नसेल.

दुरुस्ती : होमवर ‘सीएचमॉड जी-मायनस-डब्ल्यू’, म्हणजे ग्रुपचा लिहिण्याचा हक्क काढा. झालं, सर्व्हिस रीस्टार्टसुद्धा नको. डिझाइनवाल्यांसाठी होमबाहेर ‘/एसआरव्ही’मध्ये वेगळी डिरेक्टरी काढा, तिला त्यांचा ग्रुप लावा आणि २७७० द्या. पुढचा २ असल्यामुळे आत नव्यानं बनलेली प्रत्येक फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. नाहीतर ‘याची फाइल मला उघडत नाही’ हे दुसरं रडगाणं सुरू होईल.

तुमच्या मनात एक शंका येईल म्हणून आधीच सांगते. ‘पण माझ्या दुसऱ्या उबुंटूवर होम ७७५ आहे आणि चालतंय!’ चालेल. डेबियन आणि उबुंटूनं यात थोडी ढील दिली आहे : ग्रुप तुमच्याच नावाचा आणि त्यात तुमच्याशिवाय कुणी नसेल तर ते खपवून घेतात. तुम्ही ग्रुप बदललात, त्यात दोन माणसं आली आणि ढील संपली. आणखी एक. ऑथोराइज्ड-कीज फाइल सुडो (रूटच्या हक्कानं काम करवणारी आज्ञा) लावून बनवली तर ती रूटच्या मालकीची होते. त्याला हरकत नाही, पण तिच्यावर ६०० असेल तर लॉगिन पुन्हा अडतं. सर्व्हर ती फाइल तुमच्या नावानं वाचायला जातो आणि तुम्हाला ती वाचता येत नाही. लॉगमधली ओळ मात्र तेव्हा वेगळी असते.

कुणीतरी तुम्हाला ‘स्ट्रिक्टमोड्स नो’ करायला सांगेल. त्यानं लॉगिन होईल. चोरालाही होईल.

प्रश्न : पतसंस्थेचा मेल सर्व्हर मी एकटा सांभाळतो. डेबियन, पोस्टफिक्स, पासवर्ड तपासायला सासलऑथडी. बाहेरून मेल पाठवताना ऑथेंटिकेशन होत नव्हतं. लॉगमध्ये ‘कॅनॉट कनेक्ट टू सासलऑथडी सर्व्हर : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. नेटवर पाहून सॉकेटची जागा बदलली, तर आता ‘परमिशन डिनाइड’. म्हणजे आधीपेक्षा वाईट झालं. टेस्टसासलऑथडीनं तपासलं तर तिथे मात्र ‘ओके, सक्सेस’ येतं! संध्याकाळपर्यंत व्यवस्थापक डोक्यावर बसतात. – एक वाचक, बार्शी

उत्तर : वाईट नाही झालं, तुम्ही अर्धी वाट चाललात. या दोन ओळी लोक एकाच रोगाच्या समजतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

सासलऑथडी एका सॉकेटवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांशी बोलायच्या खिडकीवर, बसलेला असतो. ती फाइल म्हणजे ‘/व्हार/रन/सासलऑथडी’ या डिरेक्टरीतली ‘मक्स’. पोस्टफिक्सनं तिथे जाऊन नाव-पासवर्ड द्यायचा आणि हो-नाही घेऊन यायचं. पण तुमच्या डेबियनवर पोस्टफिक्सचा एसएमटीपीडी (मेल घेणारा भाग) चरूटमध्ये चालतोय. त्याचं जग ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’पाशी संपतं. तो ‘/व्हार/रन’ म्हणतो तेव्हा तो आपल्याच अंगणातलं ‘/व्हार/रन’ बघत असतो, आणि तिथे काहीच नाही. ही झाली पहिली ओळ : पत्ताच सापडला नाही.

तुम्ही ‘-एम’ देऊन सॉकेट ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/व्हार/रन/सासलऑथडी’मध्ये नेलंत. आता पत्ता सापडला, दारावर अडवलं. ती डिरेक्टरी ७१० आहे : मालक रूट, ग्रुप सासल. ग्रुपला मधला १ मिळालाय. डिरेक्टरीवरचा हा १, म्हणजे एक्स, चालवण्याचा नसतो, ओलांडण्याचा असतो. आर असेल तर आत काय काय आहे त्याची यादी दिसते. एक्स असेल तर आतल्या वस्तूपर्यंत जाता येतं. सासल ग्रुपच्या माणसानं डिरेक्टरीत डोकवायचं नाही, सरळ मक्सपाशी जायचं, काम करायचं, परतायचं. आणि बाकीच्यांना शून्य.

पोस्टफिक्स हा युजर त्या ग्रुपमध्ये नाही, एवढाच दोष. ‘ॲडयुजर पोस्टफिक्स सासल’ करा आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. ग्रुप प्रोसेस सुरू होताना अंगावर येतो. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला तुम्ही दिलेला नवा ग्रुप कळतच नाही. इथे कितीतरी लोक ‘ग्रुप दिला, तरी होत नाही’ म्हणून पुढच्या पायरीला ७७७ मारतात. शेवटी डिरेक्टरीची नोंद ‘डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड’नं करून ठेवा : रूट, सासल, ७१० आणि पूर्ण पत्ता.

तुमची तपासणी ‘सक्सेस’ का आली? कारण ती तुम्ही रूट होऊन केलीत. रूटला परमिशन विचारतो कोण? साहेबांच्या गाडीला टोलनाका लागत नाही म्हणून टोल बंद आहे असं नव्हे. तीच आज्ञा ‘सुडो -यू पोस्टफिक्स’ लावून चालवा, सॉकेटचा पत्ता ‘-एफ’नं द्या. जो दार ठोठावणार आहे त्याच्या अंगानं तपासायचं, ही सवय लावून घ्या. माझे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

आणि ती डिरेक्टरी ७७७ का करायची नाही? मक्सपाशी पोचलेला कुठलाही प्रोग्राम पासवर्डमागून पासवर्ड विचारत बसू शकतो. त्याच मशीनवर वेबसाइट असेल आणि तिच्या एखाद्या जुन्या फॉर्ममधून कुणी आत शिरला, तर त्याला खातेदारांचे पासवर्ड आजमावायला बसायची जागा तुम्हीच करून दिलीत. पतसंस्था आहे म्हणता, म्हणून स्पष्ट लिहिलं.

प्रश्न : विंडोजवरच्या उबुंटूत (डब्ल्यूएसएल) एसएसएच करताना किल्लीवर ‘परमिशन्स ०७७७ आर टू ओपन’ येतं. ६०० करतो, एरर येत नाही, पण परत पाहिलं तर ७७७च. – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : किल्ली विंडोजच्या डिस्कवर, ‘/एमएनटी/सी’खाली ठेवली आहेस ना? तिथे लिनक्सचं परमिशन मुळात साठवलंच जात नाही, उबुंटू आपलं ७७७ दाखवून मोकळा होतो. किल्ली उबुंटूच्या स्वतःच्या होममध्ये डॉट-एसएसएचमध्ये कॉपी कर आणि तिथे ६०० दे. डाउनलोड्समधली प्रत मग काढून टाक, विसरू नकोस.

प्रश्न : भाड्याच्या सर्व्हरवर एसएसएचडी सुरू होईना. ‘मिसिंग प्रिव्हिलेज सेपरेशन डिरेक्टरी : /रन/एसएसएचडी’. ब्राउझरमधल्या कन्सोलवरून ती डिरेक्टरी बनवली, चालू झालं. रीबूट केलं की गायब. रिकामी डिरेक्टरी, तिच्यात काही जात नाही की येत नाही, तिच्यावाचून अडतं का? – एक वाचक, पणजी

उत्तर : रिकामी असणं हेच तिचं काम आहे. नेटवरून येणाऱ्या अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं एसएसएचडी स्वतः रूट राहून करत नाही. एक दुबळं पोर पुढे करतो, ज्याला काही अधिकार नाहीत, आणि त्याला या रिकाम्या खोलीत कोंडतो. त्या पोराला कुणी फितवलं तरी हाताला लागायला खोलीत काही नाही. ओपनएसएसएचमध्ये ही पद्धत २००२पासून मुळातच चालू आहे. म्हणून खोलीचा मालक रूट हवा आणि दुसऱ्या कुणाला तिथे लिहिता येता कामा नये. ७५५ पुरे. ७७७ केलीत तर एसएसएचडी पुन्हा सुरू होणार नाही, फक्त एरर बदलेल.

गायब होते कारण ‘/रन’ डिस्कवर नसतंच, मेमरीत असतं. रीबूटबरोबर पाटी कोरी. ‘/ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी’मध्ये एक फाइल करून त्यात एकच ओळ लिहा : डी, मग ‘/रन/एसएसएचडी’, ०७५५, रूट, रूट. प्रत्येक बूटला सिस्टमडी ती बनवील. खरं तर उबुंटूच्या एसएसएच सर्व्हिस फाइलीत ‘रनटाइमडिरेक्टरी’ म्हणून याची सोय असते. तुमच्याकडे ती ओळ कुणी उडवली आहे का, तेही बघून घ्या.

प्रश्न : तुम्ही दर महिन्याला ७७७च्या नावानं खडे फोडता. मी सतरा ठिकाणी ७७७ दिलंय, सगळीकडे काम चाललंय. आमच्या ऑफिसात स्क्विड प्रॉक्सी आहे, विंडोज डोमेनवर पासवर्ड तपासते. तेवढ्या एका ठिकाणी ‘विनबाइंडडी-प्रिव्हिलेज्ड’ डिरेक्टरीला ७७७ देऊन काम झालं नाही. पण त्यावरून ७७७ वाईट कसं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी प्रॉक्सी. विनबाइंड (साम्बाचा, विंडोज डोमेनशी बोलणारा भाग) ही डिरेक्टरी ७५० आहे की नाही हे स्वतः तपासतो आणि नसेल तर सुरू व्हायलाच नकार देतो. साम्बाचा लॉग वाचलात तर ओळ मिळेल : अमुक डिरेक्टरीला ०७७७ आहे, ०७५० हवं. इतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. ती परत ७५० करा, मालक रूट, ग्रुप तिचा मूळचा. डेबियनमध्ये त्याचं नाव ‘विनबाइंडडी-प्रिव्ह’. स्क्विड ज्या युजरनं चालतो (डेबियनमध्ये ‘प्रॉक्सी’) त्याला त्या ग्रुपमध्ये घाला, दोन्ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये ‘कॅश-इफेक्टिव्ह-ग्रुप’ अशी ओळ असेल तर काढा. ती असली की स्क्विड तेवढा एकच ग्रुप घेतो आणि तुम्ही दिलेला अंगावर येत नाही.

आता खडे का फोडते ते. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला होते. सेंटओएसचा एक सर्व्हर, त्यावर सगळ्या मुलांची होम्स. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रॅक्टिकल परीक्षा, आणि रात्री नऊला परीक्षेच्या वेबपानावर फाइल अपलोड होईना. मी शेजारच्या इमारतीतून एसएसएचनं आत, रूट होऊन. डोकं चालेना झालं की हात चालतो. टाइप केलं ‘सीएचमॉड -आर ७७७’, पुढे स्लॅश, पुढे चुकून एक स्पेस, मग बाकीचा पत्ता. म्हणजे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल : आज्ञा अख्ख्या मशीनला लागली. कर्सर परत येईना तेव्हा लक्षात आलं, कंट्रोल-सी दाबलं, पण उशीर झाला होता.

वाटलं, एवढं काय, परमिशन जास्तच झालंय. आणि भरवशानं एसएसएचडी रीस्टार्ट केला. तो खाली गेला तो वर येईना. त्याच्या स्वतःच्या होस्ट किल्ल्या ०७७७ झाल्या होत्या, ‘टू ओपन’ म्हणून त्यानं त्या नाकारल्या. वर त्याची ती रिकामी खोलीही सगळ्यांना उघडी. तरी माझी चालू खिडकी जिवंत होती, रूट होती. तीच सोन्याची होती. आणि मी ‘नव्यानं लॉगिन करून बघू’ म्हणून ती बंद केली. असला निर्बुद्धपणा मी नंतर कधी केला नाही. आजही ऑथेंटिकेशनला हात लावायच्या आधी दुसरी खिडकी उघडून ठेवते आणि तिला शिवत नाही.

सर्व्हरखोलीची किल्ली शिपाईमामांकडे, मामा गावच्या जत्रेला. त्यांच्या मुलाच्या स्कूटरवरून जाऊन किल्ली आणेपर्यंत साडेअकरा. कन्सोलवर साध्या युजरनं लॉगिन झालं, पण ‘सुडो’ म्हणे माझा सेटयूआयडी बिट गेलाय, ‘एसयू’चंही तेच. ७७७मध्ये चौथा आकडा नसतो ना, त्यामुळे रूट होण्याची ती खूणच पुसली गेली होती. सगळ्यांना सगळं लिहायची मुभा आणि रूट व्हायला कुणालाच वाट नाही! शेवटी सिंगल युजर मोडमध्ये बूट करून ‘आरपीएम --सेटपर्म्स -ए’ चालवली. ती प्रत्येक पॅकेजच्या नोंदवहीतून मूळ परमिशन वाचून परत लावते. डेबियनमध्ये अशी सरळ सोय नाही, तिथे माझी रात्र आणखी लांबली असती. पहाटे चारला सुडो चालला, एसएसएचडी चालला, मी टेबलावर डोकं ठेवून झोपले.

एक राहिलं. सेटपर्म्स पॅकेजच्या फाइली दुरुस्त करते, मुलांची होम्स कुठल्या पॅकेजमध्ये नसतात. ती ७७७च राहिली. परीक्षा वेळेवर झाली, शांततेत झाली, इतकी शांत बॅच बाहेरच्या परीक्षकांनी पाहिली नव्हती. दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि प्रिंटआउटचा गठ्ठा पुढे केला. ‘रिझल्ट’ या व्हेरिएबलच्या स्पेलिंगमधला यू गायब होता. एकूण एक पानावर.